हॉलमार्कमधला ‘हॉल’

सराफाच्या पेढीवर ‘हॉलमार्क’ हा शब्द आता ‘तोळा’ आणि ‘घडणावळ’ यांच्याइतकाच घरचा झाला आहे. गिऱ्हाईक विचारतं, ‘हॉलमार्कचं आहे ना?’ सराफ म्हणतो, ‘नऊशे सोळा, ठशाचं,’ आणि बांगडीची आतली बाजू भिंगाखाली धरतो. यातला ‘मार्क’ कुणालाही कळतो. ‘हॉल’ कुठला, हे फारसं कुणी विचारत नाही.

तो हॉल खरोखरचा आहे. लंडनच्या जुन्या शहरात फॉस्टर लेन नावाची गल्ली आहे. तिथली एक जागा १३३९ पासून सोनारांच्या गिल्डकडे आहे. आज उभी असलेली इमारत त्या जागेवरची तिसरी, १८३५ सालची. पंधराव्या शतकापासून शहरातल्या सोनारांना आपलं काम ठसा घेण्यासाठी या वास्तूत आणावं लागे. कसाला उतरलं तर तिथेच ठसा बसे, नाही उतरलं तर वस्तू मोडून परत दिली जाई. गोल्डस्मिथ्स हॉलवर बसणारा मार्क, म्हणून हॉलमार्क.

गिल्ड म्हणजे एका शहरातल्या एका धंद्यातल्या उस्तादांनी बांधलेली संघटना. दुकान कुणी काढायचं, शागीर्द कुणाला ठेवता येतील, माल कोणत्या दर्जाचा हवा, हे ती ठरवी. आणि सभासद वारला तर त्याच्या अंत्यविधीला जाणं, त्याच्या विधवेला हात देणं, हेही तिच्याच कामात मोडे. आपल्याकडच्या प्राचीन ‘श्रेणी’ याच्या जवळच्या. लंडनच्या सोनारांच्या गिल्डला १३२७ मध्ये राजाची सनद मिळाली आणि ती आजही ‘गोल्डस्मिथ्स कंपनी’ या नावाने चालू आहे. मध्ययुगातल्या बहुतेक गिल्डांचं आज मेजवानी आणि दानधर्म यांपुरतंच अस्तित्व उरलं आहे. हिचं मूळ काम मात्र अजून त्याच जागी रोज होतं, म्हणून ती बारकाईने पाहण्यासारखी आहे.

सोनारांवरच एवढी नजर का, याचं कारण धातूतच आहे. सुताराच्या पेटीचं लाकूड पोकळ निघालं तर ते दिसतं. चांदीत तांबं जास्त घातलं तर दिसत नाही. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की तिच्या ताटाला रोजच्या वापरात पोचे पडतात, म्हणून थोडं तांबं घालावंच लागतं. किती, ते इंग्लंडमध्ये नाण्यांवरून ठरलं होतं: बारा औंसांच्या पौंडात ११ औंस २ पेनीवेट चांदी. औंसाचे पेनीवेट वीस, म्हणजे २४० भागांपैकी २२२, म्हणजेच हजारात ९२५. आज चांदीच्या दागिन्यावर जे ‘९२५’ दिसतं ते हेच. आता हजारात ७५ भागांऐवजी सव्वाशे भाग तांबं घातलं तरी उघड्या डोळ्यांना फरक कळत नाही, आणि चांदीचं ताट म्हणजे तर घरातली ठेव. अडचणीच्या वेळी वितळवून नाणी पाडायची. ताट हिणकस निघालं तर फसवणूक मुलाबाळांपर्यंत पोचते.

‘हिणकस’ हा शब्द आपण आता वाईट सिनेमालाही लावतो, पण तो आला आहे सोनाराच्या दुकानातून. ज्याचा कस हीन, ते हिणकस. कसोटीला उतरणं, कसाला लागणं, बावनकशी सोनं: आपल्या बोलीतली ही सगळी कुळी एका काळ्या दगडाची. कसोटीचा दगड अगदी बारीक कणांचा, काळाभोर आणि तेजाबाला दाद न देणारा असतो. त्यावर दागिना ओढला की सोन्याची रेघ उमटते. शेजारी ज्यांचा कस माहीत आहे अशा सळयांच्या रेघा ओढायच्या आणि रंग ताडून पाहायचा. मग रेघांवर तेजाबाचा थेंब फिरवायचा: हलक्या सोन्याची रेघ लवकर विटते, चोख सोन्याची टिकते. सरावलेला डोळा यातून शेकडा एक-दोन भागांपर्यंतचा फरक सांगू शकतो. लंडनमध्येही हेच चाले. तिथे कसाला ‘टच’ म्हणत, आणि १३०० सालच्या कायद्यात सोन्याचा दर्जा ‘पॅरिसच्या टच’चा, म्हणजे १९.२ कॅरेटचा, असावा असं लिहिलं आहे. त्याच कायद्याने गिल्डच्या प्रमुखांना, म्हणजे वॉर्डनना, दुकानोदुकानी जाऊन तपासणी करण्याचा आणि उतरलेल्या मालावर बिबट्याच्या मुंडक्याचा ठसा मारण्याचा अधिकार दिला.

चांदीला मात्र दगड पुरत नाही. सव्वाशे भाग तांब्याची चांदी तापवून आम्लात बुडवली की वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि मागे जवळजवळ शुद्ध चांदीचं कवच उरतं. प्रत्येक प्रामाणिक कारागीरही वस्तू पांढरी दिसावी म्हणून हे करतोच, पण त्यामुळे दगडावर ओढाल तर रेघ फक्त त्या कवचाची येते. म्हणून गिल्डचा तपासनीस वस्तू आधी खरवडून वरचा थर काढून टाकी आणि आतला कीस घेई. वस्तूचे सगळे भाग वेगवेगळे खरवडायचे: पेल्याची वाटी, दांडा, बूड, झाकण. फसवायचं असेल तर हिणकस चांदी दांड्यात किंवा बुडात लपवली जाते, आणि सांधे जोडणारा डाख जास्त लावून वजन वाढवलं जातं.

त्या किसाची परीक्षा आगीत होई. सोन्यासाठी आजही हीच सर्वांत खात्रीची रीत आहे आणि भारतातल्या हॉलमार्किंग केंद्रांतही अंतिम निकाल हिचाच. ती नीट समजून घ्यावी, कारण ‘तपासलं आहे’ या दोन शब्दांमागे किती काम असतं ते त्यातून कळतं.

नमुना पाव ग्रॅमच्या आतबाहेर घेतात, पण तो तोलतात मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत. मग त्यात, नमुन्यात जितकं सोनं असेल त्याच्या अडीच ते तीन पट शुद्ध चांदी घालतात. सोनं मोजायला बसलेला माणूस त्यात चांदी का मिसळतो? कारण पुढे तेजाबाने चांदी विरघळवून काढायची आहे, आणि ती सोन्यात सर्वत्र पुरेशी पसरलेली असेल तरच तेजाबाला आत शिरायला वाट मिळते. सोनं एकूणाच्या चौथाईवर यावं एवढी चांदी, म्हणून युरोपात या पायरीला नावच चौथाईवरून पडलं.

हे सगळं चारएक ग्रॅम शिशाच्या पातळ पत्र्यात पुरचुंडीसारखं बांधतात. हाडांच्या राखेची जाड बुडाची छोटी वाटी (हल्ली मॅग्नेशियाचीही असते) भट्टीत १०५० ते ११५० अंश सेल्सिअसपर्यंत आधीच तापवून ठेवलेली असते. पुरचुंडी त्यात पडली की शिसं वितळतं, हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्याचं भस्म होऊ लागतं, आणि तांबं, जस्त असे धातू त्याच भस्मात विरघळतात. पातळ झालेलं हे भस्म राखेची वाटी टिपकागदासारखी पिऊन टाकते. सोनं आणि चांदी भस्म होत नाहीत, वाटी त्यांना पीत नाही. शिशाची शेवटची साय सरकते त्या क्षणी आतली गोळी एकदम लखलखते. मध्ययुगातल्या तपासनिसाला वेळ कळायची ती या लखलखाटावरूनच.

गोळी निघाली की तिच्या बुडाची राख कडक ब्रशने काढायची, ऐरणीवर ठोकून चपटी करायची, तापवून मऊ करायची, रुळातून ओढून साधारण ०.१५ मिलिमीटरचा पत्रा करायचा, पुन्हा तापवायचा आणि सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी करायची. ही सुरळी नायट्रिक आम्लात दोनदा उकळतात, आधी सौम्य, मग तीव्र. चांदी निघून जाते. उरते ती तपकिरी, सच्छिद्र, चिमटा जोरात लागला तरी मोडेल अशी सुरळी. ती ऊर्ध्वपातित पाण्यात धुऊन तापवली की आकसते आणि तिला सोन्याचा रंग येतो. तिच्या वजनाला नमुन्याच्या वजनाने भागलं की कस आला.

चुकतं ते जवळजवळ प्रत्येक पायरीला. चांदी कमी पडली तर तेजाब आतवर पोचत नाही, थोडी चांदी सुरळीत अडकून राहते आणि सोनं आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. चांदी जास्त झाली तर सुरळी तेजाबात फुटून भुगा होतो, कण धुण्यात वाहून जातात आणि सोनं कमी दिसतं. वाटी दमट राहिली तर शिसं तडतडून उडतं, भट्टी थंड असली तर वर भस्माचा पापुद्रा धरून काम अर्ध्यात गोठतं, फार तापली तर सोनंही थोडं वाटीत मुरतं. आम्लात क्लोराइडचा अंश असला तर चांदी पांढऱ्या साक्याच्या रूपात बसते आणि सोन्यालाही धक्का लागू शकतो. म्हणून प्रत्येक खेपेला, नमुन्याशी मिळतंजुळतं मिश्रण शुद्ध धातूंपासून मुद्दाम तयार करून तेही त्याच भट्टीत, त्याच आम्लात चालवतात. त्यात सोनं किती आहे हे आधीच माहीत असतं. शेवटी जेवढा फरक येतो तेवढी दुरुस्ती खऱ्या नमुन्याच्या आकड्यात करतात. एवढं सांभाळलं की निकाल हजारात अर्ध्या भागापर्यंत खरा येतो. हे साक्षी-नमुने चालवले नाहीत तर आकडा तितकाच नेटका दिसतो, फक्त त्यावर विसंबता येत नाही.

इथवर धातूची गोष्ट झाली. गिल्डने याहून शहाणपणाचं एक काम केलं, आणि ते मला तिच्या सगळ्या कामांत मोठं वाटतं. १३६३ च्या कायद्याने प्रत्येक उस्ताद सोनाराला स्वतःची खूण वस्तूवर मारणं बंधनकारक झालं होतं. ती घडवणाऱ्याची जबाबदारी. पण तपासणाऱ्याचं काय? त्यानेच हिणकस मालावर ठसा मारला तर? यावर १४७८ पासून एक अक्षर आलं. दर वर्षी नवं अक्षर, एका फेरीत वीस अक्षरं, मग अक्षराची किंवा चौकटीची घडण बदलून पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्यात, सोनारांचे संत मानले गेलेले सेंट डन्स्टन यांच्या दिवशी नवे वॉर्डन कामाला लागत आणि अक्षर बदले. पुढे कधीही वस्तू कमी कसाची निघाली तर अक्षरावरून वर्ष कळे आणि वर्षावरून त्या वेळी ठशाचा ताबा कुणाकडे होता ते कळे. आज जुन्या वस्तूंचे संग्राहक या अक्षरावरून चमच्याचं वय सांगतात, आणि पुष्कळांना वाटतं की ते त्यासाठीच होतं. ते होतं तपासनिसाला पकडण्यासाठी.

गिल्डची दुसरी हमी हाताची होती. शागिर्दी साधारण सात वर्षांची. करार एकाच कातड्यावर दोनदा लिहीत आणि मधून दातेरी कापत. एक तुकडा उस्तादाकडे, एक शागिर्दाकडच्यांकडे. वाद झाला तर दोन्हींचे दाते जुळवून पाहायचे. उस्तादाने शिकवायचं, खाऊपिऊ घालायचं, घरात ठेवायचं. मुलाने धंद्याची गुपितं बाहेर न्यायची नाहीत, मुदतीत लग्न करायचं नाही. सात वर्षांनी तो गिल्डचा ‘फ्रीमन’ होई. याशिवाय आत यायचे मार्ग दोनच: बाप सभासद असणं किंवा पैसे भरणं.

पण धातूचा कस मोजता येतो तसा हाताचा येत नाही, आणि गिल्डची पकड इथे आधी सुटली. १६०७ मध्येच कंपनीच्या दफ्तरात तक्रार आहे की एखादी वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने पुरी करील असा कारागीर आता विरळाच सापडतो. काम अनेक हातांत वाटलं गेलं आहे. उपाय म्हणून स्वतः पूर्ण वस्तू घडवून दाखवण्याची अट घातली गेली. अट राहिली, कामाची वाटणी वाढतच गेली. एक ठोकणारा, एक नक्षी कोरणारा, एक जिल्हई देणारा, आणि खूण मात्र ज्याच्या नावाने माल हॉलवर गेला त्याची. ब्रिटिश कायद्यात हिला आज घडवणाऱ्याची खूण म्हणतच नाहीत, ‘स्पॉन्सर’ची खूण म्हणतात. हे नाव निदान प्रामाणिक आहे.

गिल्डचे दोषही तिच्या घडणीतच होते. परक्या देशातून आलेल्या कारागिरांना तिने फार काळ दारातच ठेवलं. फ्रान्समधून धर्मच्छळामुळे पळून आलेल्या ह्यूगनॉट सोनारांविरुद्ध लंडनच्या सोनारांनी अर्जांवर अर्ज केले, आणि गंमत म्हणजे त्या काळातला सर्वांत नावाजलेला लंडनचा चांदीकाम करणारा, पॉल द लामेरी, त्याच ह्यूगनॉट समाजातला. बायका धंद्यात दिसतात त्या बहुधा नवऱ्यामागे: हेस्टर बेटमन यांनी नवरा वारल्यावर १७६१ मध्ये आपली खूण नोंदवली आणि कारखाना वाढवला.

फसवणुकीत तर मोठी नावंही होती. १७२० पासून ठशासाठी येणाऱ्या चांदीवर औंसाला ६ पेन्स कर लागला. १०० औंसांच्या भांड्याला ६०० पेन्स, म्हणजे अडीच पौंड. त्या काळी मोठी रक्कम. मग कारागिरांनी युक्ती काढली. एक लहानशी ताटली हॉलवर न्यायची, तिच्यावर नाममात्र कर भरून ठसा घ्यायचा, तेवढा गोल कापून काढायचा आणि मोठ्या भांड्याच्या बुडाला डाखाने बसवायचा. वरून पाहाल तर ठसा अस्सल. श्वास सोडून बुडावर वाफ धरली की मात्र डाखाची कडा पुष्कळदा उमटते. जुन्या चांदीचे जाणकार आजही तशीच पाहतात. असं काम लामेरीनेही केलं आहे, आणि पुढे तो त्याच कंपनीत वॉर्डनपदावर पोचला. यावरून एक गोष्ट शिकण्यासारखी: ठसा खरा असणं आणि तो त्याच वस्तूचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे एका दागिन्यावरचा हॉलमार्कचा ओळख-क्रमांक (एचयूआयडी) दुसऱ्यावर कोरला जातो तेव्हा हीच जुनी युक्ती असते. कोरलेला क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ॲपवर बरोबर दिसतो. म्हणून क्रमांकासोबत दागिन्याचा प्रकारही जुळतो का ते पाहावं. ॲपमध्ये ‘अंगठी’ आणि हातात बांगडी, तर पेढीवरून उठावं.

१७७३ मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्डच्या उद्योजकांनी आपल्या गावी तपासणी कचेऱ्या मागितल्या, लंडनच्या सोनारांनी कडाडून विरोध केला, आणि पार्लमेंटच्या चौकशीत लंडनच्याच तपासणीतली ढिलाई बाहेर आली. कचेऱ्या मंजूर झाल्या, बर्मिंगहॅमला जहाजाच्या नांगराचा ठसा मिळाला, शेफील्डला मुकुटाचा. या नव्या कचेऱ्यांच्या कारभारी मंडळांत धंद्याबाहेरच्यांना बहुमत देण्यात आलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या नकोत, एवढाच त्यामागचा विचार. गिल्डला न सुचलेली ही एक सुधारणा.

आपल्याकडेही घट आणि कस यांची चिंता जुनीच. याज्ञवल्क्यस्मृतीत कोणता धातू आगीत किती घटतो याचे दर दिले आहेत: सोनं अजिबात नाही, चांदी शंभर पलांना (पल हे जुनं वजन) दोन, कथील आणि शिसं आठ, तांबं पाच, लोखंड दहा. यापेक्षा जास्त घट सांगणाऱ्या कारागिराला दंड. सोन्याची घट शून्य धरली आहे ती रसायन म्हणून बरोबरच आहे. सोनं जळत नाही. ते कमी होतं ते कानशीच्या किसात, जिल्हईच्या पाण्यात, चटईच्या विणीत. म्हणून तर सोनाराच्या दुकानाची धूळ विकत घेऊन धुणारे झारेकरी पोट भरू शकतात.

मराठी मुलखात गिल्डसारखी शहरी संघटना शोधण्यापेक्षा गावगाड्यातला पोतदार पाहावा. बहुधा सोनारच हे काम करी. सारा भरताना आलेलं प्रत्येक नाणं पारखायचं, खोटं किंवा झिजलेलं बाजूला काढायचं, आणि या कामाचा मोबदला गावाकडून धान्याच्या रूपात घ्यायचा. त्याला ठसा नव्हता, अक्षर नव्हतं. पण तो गावातच राहत होता, आणि सगळ्यांना त्याचं घर माहीत होतं. ओळखीवर चालणारी ही जबाबदारी गावाच्या वेशीपर्यंत पुरते. मोठ्या बाजारात तिचा उपयोग संपतो.

मोठ्या बाजाराला ठसाच लागतो. भारतीय मानक ब्यूरोने सोन्याचं हॉलमार्किंग २००० मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू केलं. जून २०२१ मध्ये आधी २५६ जिल्ह्यांत ते सक्तीचं झालं, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकायला मनाई आहे. २ ग्रॅमहून हलक्या वस्तूंना, कुंदन-पोलकी-जडावाच्या कामाला आणि ४० लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या सराफांना सूट आहे. केंद्रावर माल आला की आधी क्ष-किरणांच्या यंत्राखाली जातो. हे यंत्र काही क्षणांत आकडा देतं, पण ते बघतं फक्त वरचा काही मायक्रॉनांचा थर. मुलाम्यापुढे ते फसतं, अगदी तांबं काढून टाकलेल्या चांदीपुढे कसोटीचा दगड फसे तसंच. म्हणून नमुने काढून आगीची परीक्षा. ठशाहून कस कमी निघाला तर ग्राहकाला त्या तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. हा नियम फार थोड्यांना माहीत आहे; माहीत असायला हवा.

जुलै २०२१ पूर्वी दागिन्यावर चार खुणा असत: ब्यूरोचं चिन्ह, शुद्धता, तपासणी केंद्राची खूण, सराफाची खूण. आता तीन: चिन्ह, शुद्धता, एचयूआयडी. केंद्र आणि सराफ दोघेही त्या क्रमांकामागे गेले. शोधायला हे सोपं झालं हे खरं, बनावट पकडायलाही सोपं. पण लंडनमध्ये पाचशे वर्षांपूर्वी मारलेलं वर्षाचं अक्षर आजही भिंगाने वाचता येतं, त्याला सर्व्हर लागत नाही. पणजीच्या पाटल्या पणतीकडे जाणाऱ्या देशात तपासणाऱ्याची खूण धातूवरच राहायला हवी होती असं मला ठामपणे वाटतं. ब्रिटनमध्येही १९९९ पासून ते अक्षर ऐच्छिक झालं, तेही मला पटलेलं नाही.

आणि हाताची हमी? ती कुठेच टिकली नाही. जर्मनीत सोनारकामाचं शिक्षण आजही साडेतीन वर्षांचं, बरंचसं कारखान्यात आणि थोडं शाळेत. पण उस्तादाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय दुकान काढायचं नाही ही अट २००४ मध्ये ५३ धंद्यांवरून उठली, त्यात सोनारकाम होतं. २०२० मध्ये १२ धंद्यांना ती परत लागू झाली, त्यात सोनारकाम नव्हतं. लंडनची कंपनी अजून शागीर्द घेते, करार हॉलमध्येच होतो आणि शेवटी स्वतःच्या हाताने घडवलेली वस्तू सादर करावी लागते, पण त्यावाचून धंदा अडत नाही. आपल्याकडे आयटीआयमध्ये सुवर्णकाराचा अभ्यासक्रम आहे. झवेरी बाजाराच्या आसपासच्या माळ्यांवर बसलेली, बरीचशी बंगालमधून आलेली पोरं मात्र कुठल्याही कागदाशिवाय, शेजारच्याचं बघत शिकतात.

हात निसटला की काय होतं, याचं उदाहरण डाख. सांधा जोडायला लागणारा डाख मूळ सोन्याआधी वितळला पाहिजे, म्हणून पूर्वी त्यात तांबं-चांदी जास्त घालत, आणि सांध्यांमुळे अख्ख्या दागिन्याचा कस उतरे. दागिना मोडायला नेला की तूट निघे. मग आला केडीएम: सोन्यात आठेक टक्के कॅडमियम. वितळबिंदू उतरला, कस ९२ टक्क्यांवर राहिला, ‘केडीएम सोनं’ अशा पाट्या लागल्या. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं; फुंकणीची ज्योत त्याच्या कितीतरी वर असते. म्हणजे प्रत्येक सांध्यागणिक वाफ उठायची आणि ती बसायची खाली मान घालून फुंकणाऱ्याच्या फुप्फुसात. ब्यूरोने कॅडमियमला मनाई केली, त्याची जागा जस्ताने घेतली. पण पाट्या मिरवत होत्या त्या वर्षांत ग्राहकाला कस वाढलेला दिसत होता आणि वाफ दिसत नव्हती, कारण खुणेत फक्त धातू होता. शागिर्दाला घरात ठेवून घेणाऱ्या उस्तादाला तो खोकला रात्री ऐकू आला असता.

२०१३ मध्ये ब्रिटनचा कायदा बदलला आणि ब्रिटनबाहेर ठसे मारायला परवानगी मिळाली. त्यानंतर बर्मिंगहॅमच्या कचेरीने मुंबईत ठसे मारायला सुरुवात केली. नांगराचा तोच ठसा परदेशात मारलेला चालेल का, यावर तिकडे बरंच रण माजलं आणि अशा ठशांना वेगळं रूप द्यायचं ठरलं. ठसा कोणत्या गावात बसला यावर एवढा वाद होऊ शकतो. वस्तू कुणी घडवली यावर अजून कुठेच झालेला नाही.

एचयूआयडी टाकली की आज सराफाची नोंदणी, केंद्राचं नाव, दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि तारीख दिसते. धातूवर जागा नाही हे मान्य, पण या नोंदीत जागेची अडचण नाही. त्यात घडवणाऱ्याचा एक रकाना वाढवावा. कोल्हापुरी साजाची पानं कुणी उठवली, ठुशीचे मणी कुणी गुंफले, बोरमाळेचे मणी कुणी वळले, ते तिथे लिहिलेलं असावं. प्रत्येक हाताचं नाव पहिल्याच दिवशी मिळणार नाही. सुरुवात कारखानदाराच्या नावापासून आणि कारखान्याच्या पत्त्यापासून केली तरी चालेल.